दोन देशांची आयात ड्युटी शेजारी शेजारी बघायची असेल तर वर्ल्ड बँकेची डेटा साइट: 5 पैकी 4

गोव्यात सत्तरी तालुक्यात आमचा काजूचा छोटा कारखाना आहे. गावच्या बिया वर्षभर पुरत नाहीत, पाऊस लागला की आफ्रिकेच्या बियांवरच काम चालतं, त्यामुळे ड्युटी हा विषय आमच्याकडे जेवतानासुद्धा निघतो. मध्यंतरी एक एजंट सांगून गेला की व्हिएतनामची सरासरी ड्युटी आपल्या निम्मी आहे म्हणून त्यांचा काजूगर स्वस्त पडतो, तुम्ही कसे टिकणार. दोन दिवस डोक्यात तेच. शेवटी मुलीने लॅपटॉपवर ही साइट उघडून दिली आणि तेव्हापासून मी ती बरीच वापरलीय म्हणून लिहितोय.

फुकट आहे, लॉगिन नाही. टॅरिफ रेट म्हणजे ड्युटीचा दर शोधायचा, वर एक देश टाकायचा मग दुसरा, दोघांच्या रेषा एकाच ग्राफवर येतात, एक्सेलमध्येही उतरवून घेता येतं. भारताची रेषा बघून मी थांबलोच, 1990 ला सरासरी 80 टक्क्यांच्या आसपास आणि 91 च्या सुधारणांनंतर नुसती खाली खाली. वडील बाहेरच्या मशीनचा विचार का सोडून द्यायचे ते तेव्हा कळलं.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या नाहीतर फसाल. सरासरी दोन प्रकारची आहे, सिंपल मीन आणि वेटेड मीन. सिंपलमध्ये सगळ्या वस्तूंना सारखंच वजन, वेटेडमध्ये जी वस्तू जास्त आयात होते तिचं वजन जास्त. आता ज्या मालावर ड्युटीच इतकी आहे की तो येतच नाही त्याचं वजन वेटेडमध्ये जवळजवळ शून्य, म्हणजे भिंत जितकी उंच तितकी ती आकड्यात कमी दिसते! म्हणून दोन्ही बघा. काही वर्षांच्या जागा कोऱ्या असतात, दोन्ही देशांचे आकडे आहेत तीच वर्षं धरा.

आणि डब्ल्यूटीओच्या, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेच्या आकड्यांशी हे जुळले नाहीत तर घाबरू नका. तिकडे एमएफएन दर असतात, म्हणजे खास करार नसलेल्या देशाला लागणारे, आणि वर्ल्ड बँकेच्या अप्लाइड, म्हणजे प्रत्यक्ष लागणाऱ्या दरात करारांच्या सवलतीही धरलेल्या असतात. आपला आसियान या आग्नेय आशियातल्या देशांच्या गटाशी 2010 पासून करार आहे, व्हिएतनाम त्यातच येतो, त्यामुळे हा फरक आपल्याला चांगलाच लागू. डब्ल्यूटीओच्या हिशोबात भारत 2014 ला साडेतेरा टक्क्यांच्या आसपास होता तो 2022 पर्यंत 18 वर गेला आणि व्हिएतनाम साडेनऊच्या आसपास. म्हणजे एजंटाचा आकडा बरोबर होता.

पण त्या आकड्याचा माझ्या काजूशी संबंध काय? सोललेल्या गरावर आपल्याकडे 2019 च्या बजेटमध्ये ड्युटी 45 वरून 70 टक्के केली, आणि अख्ख्या बियांवर 2016 ला 5 टक्के लावली होती ती 2018 ला अडीचवर आणली. सिंपल मीनमध्ये 5000 च्या वर वस्तू असतात, त्यात एका गराचे 25 टक्के वाढले तर सरासरी हलते 0.005 ने. इकडे आमच्यासारख्या सगळ्या कारखान्यांचं गणित बदललं आणि ग्राफवर काहीच नाही. व्हिएतनामचा गर स्वस्त पडतो त्यात तिथल्या मोठमोठ्या कारखान्यांचा आणि मशीनवर बिया फोडण्याचा वाटा मोठा आहे, तो कुठल्याच सरासरीत सापडणार नाही.

म्हणून एक स्टार कमी, वस्तूवार दर इथे नाहीत, त्यासाठी विट्स या वर्ल्ड बँकेच्याच दुसऱ्या साइटवर जावं लागतं आणि तिथे तपशील काढायचे तर अकाउंट उघडावं लागतं. देशाचं धोरण तीस वर्षांत कुठल्या दिशेने गेलं हे बघायला मात्र मला याच्याहून सोपं काही मिळालं नाही, कॉमर्सच्या पोरांना तर प्रोजेक्टला हमखास सांगेन.

परवा तोच एजंट परत आला होता. मी कागदावर कस्टमचे दोन वस्तू-कोड लिहून त्याच्यापुढे ठेवले, 080131 बिया आणि 080132 गर, म्हटलं आता या दोघांचे दोन्हीकडचे दर सांगा मग पुढचं बोलू.