नोकरदारांसाठी मध्यम पातळीचा इंग्रजी बोलण्याचा 60 तासांचा कोर्स घ्यायचा, तर संध्याकाळची बॅच की रविवारची?

मध्यम पातळी म्हणजे भाषा किती येते ते मोजणाऱ्या युरोपीय मोजपट्टीवरची बी१. तिथून पुढची पायरी, बी२, गाठायला साधारण 150 ते 200 तास शिकवणी लागते, त्यामुळे 60 तासांच्या कोर्सला 'फाडफाड इंग्रजी' म्हणू नये.

सोम-बुध-शुक्र संध्याकाळी दीड-दीड तास घेतले तर हे 60 तास साधारण सव्वातेरा आठवड्यांत होतात. रविवारी सलग चार तास घेतले तर पंधरा. फरक किरकोळ वाटतो, पण खरी गोम उजळणीत आहे. 'आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' हे चुकीचं वाक्य थेट 'पाच वर्षांपासून काम करतोय'मधून येतं. सोमवारी 'हॅव बीन वर्किंग' आणि 'फॉर' शिकवलं, बुधवारी पाच मिनिटं तोंडी विचारलं, शुक्रवारी एकमेकांच्या नोकरीबद्दल बोलायला लावलं, की ते जिभेवर बसू लागतं. रविवारच्या बॅचमध्ये मधले सहा दिवस कोरडे जातात. बुधवारी दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज मागवलात तरच ती निभावते.

संध्याकाळच्या बॅचचं दुखणं वेगळं. पुण्यात हिंजवडीच्या ऑफिसातून कोथरूडच्या क्लासला सातला पोहोचणं नशिबावर. पहिली पंधरा मिनिटं उजळणीलाच ठेवा. नवा मुद्दा तेव्हा काढलात तर उशिरा येणाऱ्यांसाठी पुन्हा सांगावा लागतो.

रविवारी तिसऱ्या तासाला व्याकरण नको, जोडीने बोलणंच ठेवा. गणपती-दिवाळीचे रविवार आधीच वगळा.

निवड करायचीच तर संध्याकाळ. शिफ्टवाले जास्त असतील तरच रविवार.