रबाळ्याच्या गाळ्यात हँडहेल्ड लेझर वेल्डिंग: एका पावसाळ्यासकट वापरानंतरचा अनुभव

वेल्डिंग भराभर होईल म्हणून हँडहेल्ड लेझर मशीन घ्यायला निघाला असाल, तर आधी बफिंगवाल्याचा (जोड घासून चकचकीत करणाऱ्याचा) पगार आणि ग्राइंडरला लागणाऱ्या फ्लॅप डिस्कचं महिन्याचं बिल काढून बघा. आमचे पैसे वाचले ते तिथे. वेल्डिंगच्या टेबलावर वाचलेला बराचसा वेळ कोपरे जुळवण्यात परत गेला.

काम आमचं हॉटेल किचनचं: सिंक, वर्क टेबल, ट्रॉली, एक्झॉस्ट हूड. माल बहुतेक ३०४ स्टेनलेस, १६ ते २० गेज (गेजचा आकडा मोठा तितका पत्रा पातळ). मशीन १५०० वॅटचं, वॉटर चिलर (लेझर थंड ठेवणारं पाण्याचं युनिट) आणि वायर फीडरसकट, जीएसटी सोडून पाच लाखांच्या आत बसलं. दिवाळीनंतर आणलं, त्यामुळे उन्हाळा आणि अख्खा पावसाळा त्याने रबाळ्यातच काढला आहे. हे मुद्दाम सांगतोय, कारण डेमो एसी हॉलमध्ये होतो आणि गाळ्यात एसी नसतो.

आधी चांगलं. आर्गनवर, म्हणजे नेहमीच्या टिग वेल्डिंगवर, २० गेजचा टेबल टॉप केला की पत्रा ओढला जाणार हे ठरलेलं. मग हातोडी, मग ग्राइंडर, मग ६०, १२०, २४० असे पट्टे फिरवत बसा. लेझरची शिवण बारीक असते आणि उष्णता आजूबाजूला फारशी पसरत नाही. चार-पाच फुटांचा सरळ जोड मारला तरी पत्रा बऱ्यापैकी सपाट राहतो. निळा-काळा डागही कमी पडतो, म्हणून तो काढायची पिकलिंग पेस्ट निम्म्याहून कमी लागते. त्या पेस्टमध्ये नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड असतं. ती कमी हाताळावी लागणं मला विजेच्या बचतीपेक्षा मोठं वाटतं. फक्त सिंकची मागची बाजू विसरू नका. मागून गॅस दिला नाही तर तिथे लेझरनेही जोड काळा आणि खरबरीत येतो, आणि अन्नाच्या कामात ते चालत नाही.

विक्रेते ‘आर्गनच्या चौपट स्पीड’ म्हणतात. सरळ शिवणीवर ते खोटं नाही. पण ट्रॉलीत सरळ शिवणी किती आणि कोपरे किती, हे त्यांच्या व्हिडिओत दिसत नाही.

खरी गोम फटीत आहे. आर्गनवाला कारागीर फट दिसली की रॉड घालून भरून काढतो. लेझरचा ठिपका इतका बारीक की वॉबलने दोन-तीन मिलिमीटर हलवला तरी फटीत तो सरळ आरपार जातो. ढोबळ हिशोब असा की वायर न घालता फट पत्र्याच्या जाडीच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको. १.२ मिलिमीटरच्या पत्र्याला म्हणजे ०.१२ मिलिमीटर. आमच्या जुन्या प्रेस ब्रेकवर (पत्रा वाकवायच्या मशीनवर) ९० अंशाचा बेंड एका टोकाला ९० आणि दुसऱ्या टोकाला ९१ येतो. हे वीस वर्षं कुणाला खटकलं नव्हतं, कारण आमचे मामा ते वेल्डिंगमध्ये जिरवत होते. वायर घातली तर फट भरते, पण शिवण वर येते. मग पुन्हा ग्राइंडर, म्हणजे फायदा गेलाच.

मामा आमचे जुने वेल्डर. पहिल्या महिन्यात त्यांनी एवढंच सांगितलं, “शेठ, मशीन चांगलं आहे. पण कापणाऱ्याला सांगा, आता मी झाकणार नाही.” त्यानंतर आम्ही शिअरवरचं (पत्रा कापायच्या कात्री मशीनवरचं) बरंचसं कटिंग बंद केलं आणि फायबर लेझर कटिंगला जॉब वर्कवर टाकलं. खर्च वाढला, कोपरे जुळायला लागले. हेल्पर पोरगा सरळ शिवण मारायला आठवड्याभरात शिकला. त्याला जोड लावून, टॅक (जोड धरून ठेवणारे छोटे टाके) मारून देणं हे मामांचं काम झालं. ‘वेल्डरची गरज राहणार नाही’ असं सांगणाऱ्या सेल्समनला मी मामांसमोर बसवलं होतं. चहा पिऊन गेला.

आता पावसाळा. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असली की दवबिंदू साधारण २६ अंशांवर येतो, म्हणजे त्याहून थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी धरतं. आमच्याकडे आलेल्या सर्व्हिस इंजिनिअरने चिलर २२ वर लावून दिला होता. थंडीत चाललं. जूनमध्ये गनच्या हेडच्या आत दव धरलं, प्रोटेक्टिव्ह लेन्स एकामागून एक जळायला लागल्या, आणि फोनवर उत्तर काय, तर ‘लोकल लेन्स वापरली असेल’. लेन्स त्यांनीच दिलेली होती. शेवटी चिलरचं तापमान वाढवलं, मशीनला पार्टिशन घालून छोटा एसी लावला, आणि लेन्स बदलायची ती फक्त त्या खोलीत, हात पुसून, असा नियम केला. आमच्या पट्ट्यात शुक्रवारी सुट्टी असते. पावसाळ्यात शनिवारी सकाळी आधी एसी, मग बऱ्याच वेळाने चिलर, आणि शेवटी लेझर. घाई केली की लेन्स गेलीच. एसीचा खर्च कोटेशनमध्ये नसतो, तुम्ही धरा.

डोळ्यांबद्दल मात्र तडजोड नाही. हा क्लास ४, म्हणजे सर्वांत धोकादायक वर्गातला लेझर आहे. पूर्वीचे कटिंग लेझर कार्बन डायऑक्साइडचे असत. तो लेझर १९६४ साली बेल लॅब्समध्ये बनवणारे कुमार पटेल बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले, हे आमच्या धंद्यातही फार जणांना माहीत नाही. त्या लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, ती काचेतून जात नाही, म्हणून किरण आरशांवरून फिरवावा लागे. फायबर लेझर १.०८ मायक्रॉनच्या आसपास. तो काचेच्या तंतूतून जातो, म्हणून तर गन हातात धरता येते. पण त्याच गुणामुळे तो डोळ्याच्या भिंगातूनही आत जातो आणि थेट पडद्यावर एकवटतो. दिसत नाही, त्यामुळे पापणीही मिटत नाही. चकचकीत स्टेनलेसवरून उडालेला किरण पलीकडच्या माणसालाही पुरतो. १०८० नॅनोमीटरसाठी (म्हणजे वरच्या १.०८ मायक्रॉनसाठी) ओडी, म्हणजे किरण किती अडवतो त्याचा आकडा, लिहिलेलाच गॉगल हवा. आर्गनची काळी काच हा त्याला पर्याय नाही, आणि साधं अ‍ॅक्रेलिकचं पार्टिशन या किरणाला पारदर्शकच असतं. आम्ही चारी बाजूंनी पत्रा उभा केला आणि दाराला स्विच लावला, दार उघडलं की लेझर बंद. जॉबला लावायची सेफ्टी क्लिप (गन जॉबला टेकल्याशिवाय लेझर सुटू नये म्हणून असते ती) काही गाळ्यांत कायमची टेबलाला अडकवलेली बघितली आहे. तिथे मी आत जात नाही. धुराचंही तेच. स्टेनलेसच्या धुरात कॅन्सरला कारण ठरणारं हेक्झाव्हॅलंट क्रोमियम असतं, धूर कमी दिसला म्हणून एक्झॉस्ट टाळू नका.

गॅसला आम्ही नायट्रोजन वापरतो, ३०४ ला पुरतो. सात घनमीटरचा सिलिंडर मिनिटाला १५ लिटरने ट्रिगरचे पावणेआठ तास जातो. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याला हात लावू नका. जस्त ९०७ अंशांना उकळतं, पोलाद वितळायच्या कितीतरी आधी. भोकं पडतात आणि शिंतोडे लेन्सवर येतात. ‘थ्री इन वन’ (वेल्डिंग, कटिंग, क्लीनिंग) मशीनमधलं कटिंग फक्त दाखवण्यापुरतं आहे. क्लीनिंग शिवणीचा डाग काढायला बरं, गेट-ग्रिलचा गंज काढायला बसलात तर संध्याकाळ होईल.

ऐरोली-महापे पट्ट्यात आता कोबॉटवर (माणसाशेजारी काम करणाऱ्या रोबॉटच्या हातावर) लेझर गन लावून देणारे विक्रेते फिरायला लागलेत. एकाच मापाचे शेकडो बॉक्स करणाऱ्याला ते परवडेल. आमच्याकडे प्रत्येक हॉटेलचं टेबल वेगळ्या मापाचं, आणि कोबॉटला तर मामांएवढीही फट चालणार नाही. दुसरं लेझर मशीन घ्यायचा विचार होता, तो बाजूला ठेवला आहे. सध्या कोटेशन मागवलं आहे ते बेंडचा कोन स्वतः मोजणाऱ्या सीएनसी प्रेस ब्रेकचं, आणि पहिला ट्रायल पत्रा मामाच निवडणार आहेत.