गांधी 10 रुपये, 1948 : लिलावात बोली कुठवर न्यावी?

लिलावाच्या यादीत गांधीजींचं हे टपाल तिकीट आलं की आकड्यांच्या पैजा सुरू होतात. त्यामुळे आधी तिकीट म्हणून ते कसं आहे ते पाहू, मग किमतीकडे वळू.

स्वातंत्र्याला वर्ष झालं त्या दिवशी, 15 ऑगस्ट 1948 ला, गांधीजींची चार तिकिटं निघाली : दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि 10 रुपये. छपाई स्वित्झर्लंडच्या कुर्वॉसिए छापखान्याची, पद्धत फोटोग्राव्ह्यूर (छटा सलग उतरवणारी खोलछपाई), परफोरेशन म्हणजे कडेच्या छिद्रांचं माप 11½, वॉटरमार्क (कागदातली पाणखूण) नाही. लाखी आणि जांभळट तपकिरी रंगांतलं 10 रुपयांचं तिकीट नुसतं पाहायलाही फार देखणं आहे. चेहऱ्यावरच्या छटा इतक्या मऊ उतरल्यात की त्या काळच्या भारतीय तिकिटांत याच्या तोडीचं काम क्वचितच दिसतं. सेटची बहुतेक सगळी किंमत या एकाच तिकिटात आहे. बाकीची तीन सहज मिळतात, तेव्हा ‘पूर्ण सेट’ म्हणून कुणी जास्त भाव लावत असेल तर तो देऊ नका.

आता त्या मोठ्या आकड्यांबद्दल. बातम्यांमध्ये झळकतं ते हे तिकीट नव्हे. गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी याच चार तिकिटांवर काळ्या शाईत ‘SERVICE’ छापून फक्त 100 सेट केले होते. त्यातली अगदी थोडी बाहेर आली. 2011 मध्ये जिनिव्हाच्या डेव्हिड फेल्डमन या लिलावगृहात असं 10 रुपयांचं एक तिकीट 1 लाख 44 हजार युरोंना गेलं. 2016 मध्ये स्टॅन्ली गिबन्स या ब्रिटिश तिकीट-विक्रेत्याने एक सुटं तिकीट 1 लाख 60 हजार पौंडांना विकलं आणि 2017 मध्ये चारची सलग पट्टी 5 लाख पौंडांना. पट्टीचा भाव चारने भागून पाहा : तिकिटामागे सव्वा लाख पौंड, म्हणजे आदल्या वर्षीच्या सुट्या तिकिटापेक्षा कमी. पट्टी आहे म्हणून चौपटीहून जास्त मिळेल, हा हिशेब इथे चुकला. शिवाय गिबन्सचे हे दोन्ही व्यवहार लिलावातले नव्हते, दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यात ठरलेले होते. अशा भावावरून उद्याच्या लिलावाचा अंदाज बांधणं धोक्याचं.

आणि लिलावाआधीचा अंदाज म्हणजे भाव नव्हे. ब्रिटिश गयानाचं एक सेंटचं मॅजेंटा तिकीट जगात एकच आहे. 2014 मध्ये सदबीज या लिलावगृहाने त्याचा अंदाज 1 ते 2 कोटी डॉलर दिला होता, मिळाले 94 लाख 80 हजार. 2021 मध्ये अंदाज 1 ते दीड कोटी, मिळाले 83 लाख 7 हजार. दोन्ही वेळा खालचा आकडासुद्धा गाठला गेला नाही. त्यात 2014 ला हातोडी पडली, म्हणजे शेवटची बोली थांबली, ती 79 लाखांवर, वरचं 20 टक्के खरेदीदाराचं कमिशन. दोन लिलावांची तुलना करताना एकाचा भाव कमिशनसह आणि दुसऱ्याचा बिनकमिशनचा धरला, तर तेजी-मंदीचा सगळा तर्क फसतो.

आपल्या बोलीलाही तेच लागू. कमिशन 20 टक्के असेल आणि खिशातून 60 हजारच जायला हवेत, तर बोली 50 हजारांवर थांबवायची. कर, टपालखर्च, विमा आणि परदेशातून येणार असेल तर सीमाशुल्क यांमुळे ती आणखी खाली येते. हा आकडा आदल्या दिवशी कागदावर लिहून ठेवा, बोली चालू असताना वाढवू नका.

साध्या 10 रुपयांच्या तिकिटात भाव ठरतो तो मागच्या बाजूवर. मूळ डिंक अभंग आणि हिंजची (अल्बममध्ये तिकीट चिकटवायच्या कागदी पट्टीची) खूण नसलेलं तिकीट वरच्या भावाचं. म्हणूनच हिंजची खूण पुसून नवा डिंक लावण्याचे उद्योग चालतात. तिकीट चिमट्याने धरून दहापट भिंगाखाली कडेचे दाते पाहा. डिंक छिद्रं पाडण्याआधी लागलेला असतो, त्यामुळे अस्सल तिकिटाच्या दात्यांच्या टोकांवर कागदाचे कोरडे, मऊ तंतू सुटलेले दिसतात. डिंक नंतर लावलेला असेल तर तो टोकांत झिरपतो, तंतू एकमेकांना चिकटतात आणि दाते कडक, चकचकीत होतात. ही एक तपासणी शिकून घेतली तरी बरेच पैसे वाचतील. कोकण-मुंबईच्या दमट हवेत राहिलेल्या तिकिटांवर तपकिरी ठिपके येतात. समोरून ते रंगात लपतात, म्हणून पाठीमागचा स्कॅन मागितल्याशिवाय बोली लावू नये.

आधुनिक ऑफसेटवर काढलेली नक्कल भिंगाखाली लगेच उघडी पडते, चेहऱ्यावर वेगवेगळ्या रंगांचे सुटे ठिपके दिसतात. परफोरेशन गेजवर (छिद्रं मोजायच्या पट्टीवर) चारही बाजू मोजा. 11½ म्हणजे दोन सेंटिमीटरमध्ये साडेअकरा छिद्रं. एकच बाजू वेगळी भरली, तर ती कड कापून पुन्हा छिद्रं पाडली असण्याची शक्यता जास्त. तिकीट दिव्याखाली तिरकं धरून शिक्का धुतल्याच्या खुणा शोधा, अल्ट्राव्हायोलेट दिव्यात त्या अधिक स्पष्ट दिसतात.

‘SERVICE’ची अक्षरं अस्सल तिकिटावर नंतर छापून फसवणूक होते, त्यामुळे तिथे कागद, रंग, दाते सगळं बरोबर असूनही माल खोटा असू शकतो. शिक्का असलेल्या तिकिटावर टपालाची शाई अक्षरांच्या वर हवी. अक्षरं शिक्क्याच्या वर बसलेली दिसली की तिथेच थांबा. प्रमाणपत्र लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीसारख्या संस्थेचं, छायाचित्रासह हवं, आणि छायाचित्रातला प्रत्येक आखूड दाता लिलावातल्या तिकिटाच्या स्कॅनशी जुळला पाहिजे. प्रमाणपत्र नसेल, तर लिलावाआधी लेखी विनंती करून तज्ज्ञ तपासणीची मुदत आणि खोटं निघाल्यास पूर्ण परतावा मान्य करून घ्यावा. हातोडी पडल्यावर केलेली अशी मागणी बहुतेक ठिकाणी नियमांतच बसत नाही.