नाशिकची वाईन ट्रिप: कार की पंचवटी एक्सप्रेस?

मुंबईहून नाशिक साधारण १७० किमी, त्यामुळे ग्रुपमध्ये सगळे आधी कारच म्हणतात, आणि खरंय, सुला काय यॉर्क काय, दोन्ही वायनरी गंगापूर धरणाच्या बाजूलाच, गाडी असली की मनात येईल तेव्हा निघता येतं. पण चालवणाऱ्याला प्यायचं नाही ना! मागच्या फेब्रुवारीत नवरा नुसता ग्लास फिरवून शेनिन ब्लां या व्हाईट वाईनचा वास घेत बसला, मला इतकं वाईट वाटलं. म्हणून मी तर ट्रेनच म्हणेन, शुक्रवारी संध्याकाळी सीएसएमटीवरून पंचवटी पकडायची, कसारा घाटात खिडकीतून गार वारा खायचा, नाशिक रोडला उतरून कॅब. वायनरीतून परतायची कॅब मात्र आधीच सांगून ठेवा. आणि जानेवारी ते मार्चमध्येच जा, द्राक्षांची तोडणी चालू असते, वेलींवर घड लटकलेले दिसतात.