देवनागरी उच्चारांची बिर्कत हमाझोनची पुस्तिका: आईसाठी घेतली, तीन महिने वापरून लिहितेय

बिर्कत हमाझोन म्हणजे आम्हा ज्यूंची जेवणानंतरची आभाराची प्रार्थना. माझ्या आईला हिब्रू वाचता येत नाही. इस्रायलमध्ये अश्दोदला येऊन इतकी वर्षं झाली, बाजारात, दवाखान्यात बोलण्यापुरती भाषा येते पण अक्षरं कधी लागलीच नाहीत, त्यामुळे शुक्रवारी रात्री जेवण झालं की आम्ही सगळे बिर्कत म्हणायचो आणि ती हात जोडून आमेन, आमेन म्हणत बसायची. मला ते फार लागायचं. म्हणून ही पुस्तिका दिसली तशी लगेच मागवली, एक 18 शेकेलला, सहा घेतल्या.

डाव्या पानावर हिब्रू, उजव्या पानावर तेच देवनागरीत, आणि खाली बारीक अक्षरात मराठी अर्थ. कव्हर लॅमिनेटेड आहे. आमच्याकडे शब्बाथला (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र) माशाची आमटी असते, हळदीचा हात लागतोच, पण ओल्या फडक्याने पुसलं की निघतं. आतली पानं मात्र साधी, त्यांच्यावर वाईनचे दोन डाग पडलेत ते आता कायमचे.

मला सगळ्यात आवडलं ते सूचना कुठे छापल्यात ते. बाकीच्या पुस्तिकांमध्ये नियम सगळे शेवटी एकत्र असतात आणि ऐन वेळी कोणी पान उलटत नाही. इथे खास दिवसांचे जोड मजकूर जागच्या जागी आहेत: शब्बाथचं रेत्से जिथे म्हणायचं तिथेच करड्या चौकटीत आहे, सणाचं आणि रोश खोदेशचं (नव्या महिन्याच्या सुरुवातीचं) यआले वेयावो त्याच्याच खाली, आणि हनुक्का-पुरीमचं अल हनिसीम दुसऱ्या बेराखात (आशीर्वादात) जिथे यायला हवं तिथे. हनुक्काला आई त्या ओळीवर स्वतःहून बोट ठेवून थांबली, कोणी सांगितलं नव्हतं.

सुरुवातीच्या पानावर लिहिलंय की बिर्कत होईपर्यंत टेबलावरची भाकर उचलू नये, थोडी तरी राहू द्यावी, कारण रिकाम्या टेबलावर आशीर्वाद टिकत नाही असं मानतात. आमच्या आईला जेवण झाल्या झाल्या टेबल पुसून लख्ख करायची सवय! आता ती हल्लाचा, म्हणजे शब्बाथच्या पावाचा, एक तुकडा मुद्दाम कापडाखाली ठेवते.

अजून एक पान मी तीनदा वाचलं. बिर्कत हमाझोन कशावर म्हणायची तर गहू, जव, स्पेल्ट, ओट आणि राय या पाच धान्यांच्या भाकरीवर, आणि तीही निदान एक कझायित, म्हणजे ऑलिव्हएवढी तरी खाल्ली असेल तर. तांदळाची भाकरी त्यात बसत नाही, तिच्यानंतर बोरे नेफाशोत हा लहानसा आशीर्वाद म्हणायचा. आता कोकणात आपल्या बेने इस्राएल (मराठी ज्यू) लोकांचं जेवण म्हणजे भात आणि तांदळाची भाकरीच, म्हणजे रोजच्या जेवणात ही पूर्ण प्रार्थना यायचा प्रसंग पावापोळीच्याच दिवशी. आईला हे वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "म्हणून आजी भातावर लहानच म्हणायची." इतक्या वर्षांत ही गोष्ट घरात कोणी बोललं नव्हतं.

अर्थाचा भाग छान झालाय. चार बेराखा कुठून आल्या ते थोडक्यात दिलंय, म्हणजे तालमुदात (ज्यू धर्मशास्त्राच्या जुन्या ग्रंथात) सांगितल्याप्रमाणे पहिली मोशेने रानात आकाशातून मान्ना हे अन्न पडलं तेव्हा घातली, दुसरी देशाबद्दलची यहोशुआने, तिसरी यरुशलेमची दावीद आणि शलोमोने, आणि चौथी यावने गावच्या पंडितांनी, बेतारमध्ये रोमनांकडून मारले गेलेल्यांना शेवटी पुरता आलं तेव्हा. चौथीचं कारण वाचून मी गप्पच झाले, कारण ती बेराखा आम्ही लहानपणापासून सगळ्यात भरभर म्हणतो. मराठी सोपी आहे, पुस्तकी नाही. आणि बिर्कत मराठी अर्थासकट छापणं आपल्याकडे नवीन नाहीच, 1846 मध्ये मुंबईत हिब्रू-मराठी हग्गादा, म्हणजे पेसाखच्या सणातल्या सेदेर या जेवणाचं पुस्तक, निघालीच होती, आणि त्यात बिर्कत असतेच, सेदेरमध्ये वाईनचा तिसरा पेला बिर्कतनंतरच येतो.

आता तक्रारी. उच्चारांचं काम अर्धवट झालंय. मराठीत झ दोन प्रकारचा, झेंड्यातला वेगळा आणि झऱ्यातला वेगळा, आणि यांनी हमाझोन, हझान सगळीकडे नुसता झ लिहिलाय. पहिल्या आठवड्यात आईने झेंड्यातला झ लावून वाचलं. एक ओळ टीप टाकली असती की झऱ्यातला म्हणा, तर प्रश्नच नव्हता. खेत या हिब्रू अक्षरासाठी सगळीकडे ख आहे, म्हणजे लेखेम (भाकर), तिच्या कानावर लहानपणापासून लेहेम आहे, त्यामुळे ती दर वेळी अडखळते. हे इथल्या बोलण्याप्रमाणे बरोबर असेल, पण जुन्या लोकांसाठी ह चालला असता असं माझं मत.

दुसरं, रेत्से विसरलात तर काय करायचं हे चौकटीत अपुरं आहे. चौथी बेराखा सुरू झाल्यावर आठवलं तर परत सुरुवातीपासून, एवढंच लिहिलंय. हे शब्बाथच्या पहिल्या दोन जेवणांना लागू, तिसऱ्या जेवणाला परत म्हणावं लागत नाही, आणि चौथी सुरू व्हायच्या आधी आठवलं तर एक छोटी बेराखा आहे ती म्हणून पुढे जायचं. ही छोटी बेराखा छापलेलीच नाही! बाबा एका शनिवारी संध्याकाळी उगीच दुसऱ्यांदा सगळं म्हणून बसले. शोक असलेल्या घरात म्हणायचा वेगळा मजकूरही नाही, तो हवाच होता, तेव्हाच तर माणूस शोधत बसतो.

झिमून, म्हणजे तिघे एकत्र जेवले की बिर्कतआधी एकाने इतरांना द्यायचं आमंत्रण, फक्त सेफार्दी (स्पेनकडच्या ज्यूंच्या) पद्धतीचा आहे, हाव लानने सुरू होणारा. आपल्या घरात तोच, पण ताईचे यजमान अश्केनाझी (युरोपकडचे ज्यू), ते शीर हमाअलोत गाऊन सुरू करतात आणि ते स्तोत्र यात नाही. भावोजी आपली पुस्तिका आणतात. तीन बायका एकत्र जेवल्या तर त्या आपसात झिमून करू शकतात ही टीप आहे, ती वाचून आई, ताई आणि मी एका मंगळवारी दुपारी पिटा खाऊन बसलो होतो तेव्हा पहिल्यांदा केला. आईने सांगितलं, "मी म्हणते." सावकाश, एकेक अक्षर लावत, वीसेक मिनिटं लागली असतील. आमेन आम्ही म्हटलं.

ज्यांच्या घरी असं कोणी आहे त्यांनी नक्की घ्या. झ ची आणि रेत्सेची दुरुस्ती मी छापणाऱ्यांना लिहून पाठवलीये, तोवर छोटी बेराखा मी हाताने लिहून मागच्या कव्हरला चिकटवलीये.