पेनसारखा सामूमापक आणि 'पीएच डाउन' : बाल्कनीतील हायड्रोपोनिक्समधील वापरानंतरचा अनुभव

वाघोलीतील आमच्या सोसायटीला बोअरचे पाणी येते आणि उन्हाळ्यात त्याला टँकरची जोड असते. बाल्कनीत हायड्रोपोनिक्ससाठी, म्हणजे मातीविना पोषकद्रावणात रोपे वाढवण्यासाठी, पीव्हीसी पाइपांची छोटी मांडणी करून लेट्यूस, पालक आणि बेसिल लावताना सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे त्याचा आकडा) मोजणारा पेनच्या आकाराचा मापक, तो जुळवण्यासाठी ठरावीक सामूचे द्रावण करायच्या बफर पावडरच्या पुड्या आणि सामू चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या 'पीएच अप' व 'पीएच डाउन' या दोन बाटल्या असा संच ऑनलाइन मागवला. उन्हाळ्याच्या तोंडापासून पावसाळा सरेपर्यंत तो नियमित वापरल्यावर हे लिहीत आहे.

मापकाबद्दल फारशी तक्रार नाही. 6.86 आणि 4.00 च्या बफरमध्ये त्याला जुळवून घेतले की पंधरवडाभर तो भरवशाचा आकडा दाखवतो. मात्र दशांशानंतरचा दुसरा अंक केवळ शोभेचा समजावा. आधी वापरलेल्या थेंबांच्या चाचणीपेक्षा तो निश्चितच बरा, कारण त्या चाचणीतले ब्रोमोथायमॉल ब्लू हे रंग बदलणारे द्रव्य 6.0 च्या खाली सगळे पिवळेच दाखवते आणि आपल्याला तर 5.5 ते 6.5 हाच पट्टा हवा असतो. नळाखाली धरलेल्या पाण्याचा सामू मोजून मात्र उपयोग नाही. बोअरच्या ताज्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो; रात्रभर एअर पंप चालू ठेवला की तो उडून जातो आणि संध्याकाळी 7.5 च्या आसपास असलेला सामू सकाळी 8 च्या वर गेलेला दिसतो.

खरा प्रश्न 'पीएच डाउन'चा आहे. द्रावण 6.0 वर आणून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा सातच्या वर गेलेले असावे, हा अनुभव अनेकांना येतो आणि बाटलीतला माल बनावट असल्याची शंका घेतली जाते. माझ्या मते दोष बहुधा बाटलीचा नसतो. दख्खनच्या बेसॉल्ट खडकातून येणाऱ्या भूजलात बायकार्बोनेट बरेच असते आणि घातलेले आम्ल आधी तेच खाऊन टाकते. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत दिला, तेव्हा अल्कता (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता) कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरला सुमारे 250 मिलिग्रॅम निघाली. अशा 20 लिटर पाण्याचा सामू 6.0 पर्यंत उतरवायला 85 टक्के तीव्रतेचे फॉस्फरिक आम्ल जवळपास पाच मिलिलिटर लागते. बाजारातल्या 'पीएच डाउन'मध्ये बहुतेकदा हेच आम्ल पातळ करून भरलेले असते, त्यामुळे त्याचे माप आणखी मोठे होते. एवढ्या आम्लातून लिटरमागे 100 मिलिग्रॅमच्या वर फॉस्फरस टाकीत जातो. पालेभाज्यांना साधारण 30 ते 50 पुरतो आणि तो पोषकद्रावणात आधीच असतो. जादा फॉस्फरसमुळे लोह आणि जस्त मिळणे अवघड होते, म्हणजे ही द्रव्ये रोपांना मिळावीत म्हणून सामू उतरवायचा आणि तीच अडचण पुन्हा उभी राहते.

त्याची खूण लेट्यूसच्या कोवळ्या पानावर सर्वांत आधी दिसते : पान फिकट पिवळे पडते, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि खालची जुनी पाने मात्र ठणठणीत असतात. लोह टाकीत असते, पण साध्या ईडीटीए प्रकारातले (लोह विरघळलेले ठेवणाऱ्या रसायनाशी बांधलेले) लोह सामू साडेसहाच्या वर गेला की टिकत नाही. पाणी असेच राहणार असेल तर डीटीपीए किंवा ईडीडीएचए प्रकारातले लोह घेतलेले बरे.

आमच्याकडे तोडगा निघाला तो पाणी बदलल्याने. निम्मे बोअरचे आणि निम्मे आरओचे पाणी एकत्र केल्यावर आम्लाची गरज निम्म्यावर आली आणि सामू चार-पाच दिवस जागेवर राहू लागला. पावसाळ्यात आरओऐवजी पावसाचे पाणी धरले, तेही चालले. निव्वळ आरओचे पाणी मात्र वापरू नये, कारण सामू धरून ठेवणारे त्यात जवळजवळ काहीच नसते आणि चार थेंब जास्त पडले तरी तो धाडकन खाली येतो. लिंबाचा रस किंवा सायट्रिक आम्ल सुचवणारे पुष्कळ भेटतात. सूक्ष्मजीव ते खाऊन टाकतात, सामू परत चढतो आणि पाइपांत बुळबुळीत थर धरतो.

वापरताना क्रम पाळावा : पोषकद्रव्याच्या दोन भागांपैकी आधी 'ए' द्रावण पाण्यात पूर्ण ढवळून घ्यावे, मग 'बी' घालावे आणि आम्ल सर्वांत शेवटी, सिरिंजने थोडे थोडे द्यावे, कारण पोषकद्रव्यांमुळेही सामू थोडा उतरतो. 'पीएच अप'ची बाटली अजून सीलबंद आहे. बोअरचे पाणी असणाऱ्यांनी जोडसंच न घेता 'पीएच डाउन' एकटेच घ्यावे.

मापकाच्या टोपीत काय भरावे, हे सोबतच्या पत्रकात कुठेच नाही. तिथे 3 मोलर पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण असावे. डिस्टिल्ड पाण्यात ठेवलेला इलेक्ट्रोड लवकर खराब होतो. द्रावण भरून ठेवूनही हल्ली आकडा स्थिरावायला मिनिटभर लागतो. इलेक्ट्रोड बदलता येत नसल्याने पुढच्या वेळी बदलता येणारा मापक घेईन. त्याहीआधी मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे केएच (अल्कता) चाचणीचे किट घ्यावे, असे सुचवेन. त्यातल्या बहुतेक किटांत रंग पालटेपर्यंत पडलेला एकेक थेंब म्हणजे लिटरला सुमारे 18 मिलिग्रॅम अल्कता. आमच्या बोअरच्या पाण्याला चौदा थेंब लागतात आणि टँकर बदलला की हा आकडाही बदलतो, त्यामुळे टाकी भरण्याआधी तेवढे मोजून आरओच्या पाण्याचे प्रमाण ठरवता येते.