लातूरच्या रस्त्यांवर वॅगन-आर खरंच किती देते: पाडवा ते दिवाळीचा हिशेब

गाडी दारात आली तेव्हापासून प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, "किती देते?" पाडव्याला 1 लिटर इंजिनाची पेट्रोल वॅगन-आर घेतली, मॅन्युअल गिअरची. आता दिवाळी होऊन गेली. वैशाखाचं ऊन, पाऊस आणि थंडीची सुरुवात असं सगळं गाडीने बघितलंय, त्यामुळे आता भरवशाने सांगता येतं. लातूर शहरात लिटरला 15-16 किलोमीटर. एप्रिल-मेमध्ये एसी लावून शहरातच 13-14. हायवेला 80 च्या आसपास राहिलं तर 22-23 आणि 100 ने पळवली तर 18-19. कंपनीचा जाहीर आकडा 24.35 आहे.

या फरकावरून बरेच जण "फसवलं" म्हणतात. मला ते पटत नाही. तो आकडा रस्त्यावरचा नाहीच. गाडी बंद खोलीत रोलरवर उभी करून ठरलेल्या पद्धतीने साधारण 20 मिनिटं चालवतात. आधी शहरासारखं थांबत-पळत, जास्तीत जास्त 50 पर्यंत. मग थोडा वेळ हायवेसारखं, तेही 90 च्या वर नाही. एसी बंद. खोलीचं तापमान 20 ते 30 अंशांत. सायलेन्सरमधून निघणाऱ्या वायूंतला कार्बन मोजून किती पेट्रोल जळालं ते काढतात. दोन गाड्यांची आपसांत तुलना करायची तर हा आकडा एकदम कामाचा. पण मे महिन्यात, पारा चाळिशीच्या वर असताना, लातूरच्या गंजगोलाई बाजारात एसी लावून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकणाऱ्या गाडीबद्दल तो काय सांगणार?

एसीचं गणित नीट समजून घेण्यासारखं आहे. कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो, त्यामुळे त्याचा खर्च किलोमीटरवर नाही, तासावर पडतो. गाडी 80 ने पळत असेल तर तो तासाचा खर्च 80 किलोमीटरवर वाटला जातो. गर्दीत 20 चाच वेग पडत असेल तर तोच खर्च 20 किलोमीटरवर, म्हणजे किलोमीटरमागे चौपट. म्हणून हायवेला एसी बंद करून काचा उघडण्यात मला काही अर्थ वाटत नाही. शहरात मात्र उन्हात तापलेली गाडी आधी दारं उघडून मोकळी करायची, मग एसी लावायचा. तेवढ्यानेही फरक पडतो.

आता मोजायची पद्धत. डिस्प्लेवरच्या आकड्यावर मी विसंबत नाही. इंजिनात पेट्रोल सोडणारा इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला यावरून काढलेला तो अंदाज असतो, आणि माझ्या गाडीत प्रत्यक्षापेक्षा दीडेक किलोमीटर जास्तच येतो. मी फुल टू फुल मोजतो, म्हणजे टाकी एकदा फुल करायची, गाडी चालवायची, पुन्हा फुल करायची आणि मधले किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा भरलेले लिटर. पंप तोच, शक्यतो नोझलही तोच. पहिला ऑटो कट पडला, म्हणजे टाकी भरल्यावर नोझल आपोआप बंद झालं, की थांबायचं. इथे पंपावरचा पोरगा हमखास विचारतो, "काका, राउंड फिगर करू का?" त्याला नको म्हणायचं. रुपये गोल करण्याच्या नादात अर्धा लिटर इकडचं तिकडे होतं आणि हिशेब बिघडतो. पैसे सुट्टे निघाले तरी चालतील, फोन पे आहेच. बिलावरचे लिटर पॉइंटनंतरच्या दोन्ही आकड्यांसकट आणि ट्रिप मीटरचे किलोमीटर तिथेच डायरीत लिहायचे, कारण पंपाचं बिल डॅशबोर्डवर उन्हात पडलं की काही दिवसांत कोरं होतं.

तरीही एका टाकीवर भरवसा ठेवू नये. ऑटो कट कधी थोडा आधी पडतो, कधी थोडा नंतर. 10 लिटरच भरलं आणि कट अर्ध्या लिटरने चुकला, तर 5 टक्के चूक तिथेच झाली. 25 लिटर भरलं तर तीच चूक 2 टक्क्यांवर येते. वॅगन-आरची टाकी 32 लिटरची, त्यामुळे मी काटा खाली आल्याशिवाय मोजणीसाठी भरतच नाही.

आणि कृपा करून टाक्यांच्या ॲव्हरेजचं पुन्हा ॲव्हरेज काढू नका. समजा 120 किलोमीटर शहरात 15 ने गेलात आणि 120 हायवेला 24 ने. बरेच जण साडेएकोणीस सांगून मोकळे होतात. पण शहरात 8 लिटर गेलं, हायवेला 5. 240 भागिले 13 म्हणजे साडेअठराच्या आत. एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर, हाच खरा हिशेब.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते नांदेडच्या रस्त्याने. बहीण तिकडे असते, त्यामुळे चाकूर, अहमदपूर, लोहा असं जाणं-येणं चालूच. अंतर साधारण 140 किलोमीटर, रस्ता चांगला. जाताना 23-24 मिळायचं आणि येताना, तेवढीच माणसं आणि तेवढाच वेग असूनही, आषाढात 20 च्या आसपास. दाजी म्हणाले, तुमच्याकडच्या पेट्रोलमध्ये काहीतरी आहे. पण मी जाऊन-येऊन एकाच पंपावर भरूनही बघितलं, फरक तसाच राहिला. मग लक्षात आलं. लातूर नांदेडपेक्षा दीडशे मीटरहून जास्त उंचावर आहे. टनाच्या आसपासची गाडी तेवढी वर चढवायला थोडं जास्तीचं पेट्रोल जातं. त्याने लिटरमागे जेमतेम अर्धा किलोमीटर कमी होतो आणि उतरताना तेवढाच वाढतो. म्हणजे जाण्या-येण्यातला एक किलोमीटरचा फरक उंचीचा. उरलेला वाऱ्याचा. नांदेड आपल्या ईशान्येला, आणि पावसाळ्यातला वारा नैऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो. येताना तो थेट समोरून. 80 ने जाताना समोरून 20 चा वारा असेल तर हवेचा विरोध वारा नसताना 100 ने गेल्याइतका होतो, म्हणजे दीडपटीहून थोडा जास्त. वॅगन-आर उभट गाडी आहे, तिला हे चांगलंच जाणवतं. दिवाळीत वारा पडला होता, तेव्हा जाण्या-येण्यातला फरक एकावर आला. त्यामुळे नुसतं जातानाचं ॲव्हरेज सांगणाऱ्याला मी आता येतानाचं विचारतो.

घाटाचंही एक सांगायचंय, आणि कळकळीने. तुळजापूरच्या किंवा मांजरसुंब्याच्या घाटात उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे आजही दिसतात. कार्ब्युरेटरच्या जमान्यातली ही सवय. इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकून ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पेट्रोल बंदच करतात, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जातं, आणि सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. तिसरा गिअर टाका आणि निवांत उतरा.

जुन्या गाडीशी तुलना करणाऱ्यांनी पेट्रोल बदललंय हे धरून चालावं. आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन तृतीयांश ऊर्जा, म्हणजे शुद्ध पेट्रोलपेक्षा या मिश्रणात 6 ते 7 टक्के कमी. पूर्वी 20 देणारी गाडी 19 च्या आत आली तर लगेच मेकॅनिककडे पळू नका. आधी हवा बघा, तीही सकाळी टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिल्याप्रमाणे.

सकाळीच पेट्रोल भरा, जास्त मिळतं, असंही सांगतात. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. माझ्या डायरीत तरी काही फरक दिसला नाही.

गाडीबद्दल बाकी थोडक्यात. क्लच हलका, बसायला उंच, त्यामुळे आईला चढ-उतर सोपी जाते. तीन सिलिंडरची थरथर उभ्या गाडीत जाणवते. चौघं आणि भरलेली डिक्की घेऊन ओव्हरटेक करायचा तर गिअर खाली घ्यावाच लागतो.

धाकटा भाऊ आता हीच गाडी सीएनजीत घ्यायची म्हणतोय, जाहीर आकडा किलोला 34.05 बघून. त्याचं रोजचं रनिंग माझ्या दुपटीहून जास्त आहे, त्याला परवडेल असं मला वाटतं. पण सीएनजीत फुल टू फुल इतकं सरळ नसतं. पंपाचा प्रेशर कमी-जास्त असतो, उन्हात तापलेल्या सिलिंडरमध्ये गॅस कमी बसतो, त्यामुळे एक "फुल" दुसऱ्यासारखं नसतं. त्याला सांगितलंय, भरलेले किलो आणि किलोमीटर दोन-तीन महिने नुसते लिहीत जा, आकडा त्यानंतर काढू.